अकरा दिवस आणि एक सकाळ

चिलोए बेटाच्या दक्षिण टोकाला, केयोनच्या धक्क्यावर,
सामन माशांच्या कंपनीत मी पगारपत्रकं करते.
सतरा वर्षं.
माणसं माझ्याकडे येतात ती आकडे होऊन :
खाडा, जादा वेळ, बुटांची वजावट.

एलादियो नाहुएल्किन, पाणबुड्या.
जाळ्यांच्या तळाशी मेलेले मासे वेचायचा.
मार्चच्या बारा तारखेला
दहा वाजून चाळीस मिनिटांनी नळीतली हवा थांबली.
वेळ मला पाठ आहे,
कारण ती मलाच भरावी लागली.

संगणकात एक चौकोन आहे : काम सोडण्याचे कारण.
राजीनामा. बडतर्फी. करार संपला. गैरहजेरी.
बोट खाली खाली न्यावं लागतं,
शेवटून दुसरं आहे ते.
शेवटचं आहे 'इतर'.

मग तो विचारतो :
अखेरचा दिवस पूर्ण धरायचा की अर्धा?

नियमाने अर्धा.
बाराचा भोंगा व्हायचा होता.
मी चहा करून आणला, प्यायले नाही.
खिडकीबाहेर समुद्रसिंह धक्क्यावर आडवे पडून ओरडत होते,
त्यांना कुणी हजेरी विचारत नाही.
मी 'पूर्ण' वर टिचकी मारली.
चौदा हजार पेसोंचा प्रश्न होता.
एवढ्यात आमच्याकडे
लाकडाचा एक भारा येतो, तोही ओला.

पैसे कुणाचे, यावर तीन आठवडे गेले.
आई म्हणाली, सुनेचे.
सून पुन्ता आरेनासला, हॉटेलात चादरी बदलते,
फोनवर म्हणाली, सासूबाईंनाच द्या,
छप्पर गळतंय त्यांचं.
मी दोघींना सांगितलं, कागदाला असलं कळत नाही,
त्याला वारस एकच लागतो, शिक्क्यासकट.

शेवटी दोघी आल्या, एका बाकावर बसल्या,
मध्ये सात वर्षांचा आमारो.
मी हिशेब वाचून दाखवला :
अकरा दिवस, अधिक एक.
न घेतलेली रजा, नऊ.
वजा : पाण्यातला सूट, एक नग, परत जमा नाही.

म्हातारीने कानावरची लोकरी टोपी वर सरकवली.
"सूट?" म्हणाली.
"तो तर इस्पितळात कात्रीने कापला.
मानेपासून खालपर्यंत.
नर्सने पिशवीत घालून दिला मला.
घरी आहे. चुलीमागे वाळत टाकलाय.
आणून देऊ?"

तिने टोमणा मारला नव्हता,
ती खरंच विचारत होती,
येती बस किती वाजता, तेही.

मी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली.
शाई दोनदा फिरवली.
पुन्हा बेरीज केली, बोटांवर,
यंत्राचा भरवसा त्या दिवशी नको वाटला.

धनादेश त्याच्याच नावाचा पाकिटात होता.
पाकिटं पुकारायची माझी जुनी सवय.
तोंडातून निघून गेलं :
"नाहुएल्किन, एलादियो!"
रांगेतले दोघे-तिघे उगाच बाजूला झाले.
आमारो उभा राहिला.
"हजर," म्हणाला, शाळेत म्हणतात तसं,
आणि आईकडे बघितलं, चुकलं का म्हणून.

यास्नाने सही केली. आडनाव अर्ध्यावर अडखळलं.
म्हातारीने पैसे मोजा असं मला सांगितलं,
मी म्हटलं, हा कागद आहे, बँकेत मोजतील.
मग तिने पिशवीतून जांभळे बटाटे काढले,
चिखल लागलेले, सहा,
माझ्या टेबलावर कागद नव्हते तिथे ठेवले.

संध्याकाळी साहेब, रेतामाल, फाइल घेऊन आले.
"ही ओळ कुणी खोडली?"
मी म्हटलं, मी. माझ्यातून वळती करा.
ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला.

एप्रिलच्या पगारपत्रकात
माझ्या नावासमोर एक ओळ जास्त होती :
वजा, पाण्यातला सूट, एक नग.
ती टाइपही मीच केली.
मला पोहता येत नाही.